दुसऱ्या डिव्हिजनचे मामा

हरलेल्या सामन्याची हकीगत सांगताना ज्यांच्या चेहऱ्यावर भरल्या ताटावरून उठल्याचं समाधान पसरतं, असे गृहस्थ उभ्या देशात एकच असावेत, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा असावेत, हा माझ्या नशिबाचा भाग. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला काही ना काही वेड लागतंच. कोणी मंडळाच्या नाटकात दरवर्षी तोच सासरा होतो, कोणी गावाहून ज्वारी मागवून ती शेजारच्या पंजाबी कुटुंबाला आग्रहानं खिलवतो. मामांनी एका फुटबॉल क्लबचा इतिहास अंगावर घेतला. क्लब दिल्लीचाच, पगारी खेळाडूंचा, पण देशातल्या दुसऱ्या डिव्हिजनमधला. म्हणजे ज्याचं नाव वर्तमानपत्रात आलंच तर शेवटच्या पानाच्या तळाशी, दंतमंजनाच्या जाहिरातीखाली येतं. मामा मात्र ते नाव कधी उच्चारत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं ते नुसतं ‘आपला क्लब’ म्हणतात, आणि तो आपला नाही हे सांगायची ऐकणाऱ्याला सोय ठेवत नाहीत.

माझी त्यांची पहिली भेट कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात झाली. लग्नाच्या बोलणीसाठी माझे वडील पुण्याहून येऊन तिथे उतरले होते आणि मुलीकडून मामा आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, इस्त्रीची पँट, आणि पायात मात्र खेळाचे बूट. वडिलांनी माझं शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, पगारही जरा मोठ्यानं सांगितला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, की फुटबॉल बघता का. मी म्हणालो, क्रिकेट थोडंफार बघतो. त्यावर मामांनी वडिलांकडे असं पाहिलं, की मुलाला लहानपणापासून दमा आहे हे जणू आत्ताच बाहेर आलं. मग त्यांनीच समजूत काढली. "असू द्या. पुढे सुधारतात," म्हणाले. लग्न ठरलं आणि माझी सुधारणा लगेच पुढच्या शनिवारपासून सुरू झाली.

मामा मूळचे कामठीचे. नागपूरला खेटून असलेल्या या छावणीच्या गावात पोर चालायला लागलं की आधी बॉलला लाथ मारतं, असं ते सांगतात. मी खात्री केलेली नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागून ते दिल्लीत आले तेव्हा ऐन विशीत होते. खोली पहाडगंजात, जेवण ढाब्यावर, आणि हिंदी अशी, की भाजीवाला हसून हसून चार मिरच्या जास्त घालायचा. आठवडा फायलींत जाई, रविवार मात्र खायला उठे. अशाच एका रविवारी यमुनेपलीकडे भटकताना त्यांना एका मैदानावर अकरा माणसं जिवाच्या आकांतानं हरताना दिसली. दुसरी अकरा माणसं जिंकत होती, पण तिकडे मामांचं लक्षच गेलं नाही. "त्या दिवशी मला दिल्लीत घर सापडलं," असं मामा म्हणतात, आणि हे म्हणताना मामी शेजारी बसलेल्या असल्या तरी त्यांना काही वाटत नाही. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी फ्लॅटही त्याच बाजूला, मयूर विहारला घेतला. बाकीच्यांनी फ्लॅट घेताना शाळा पाहिली, दवाखाना पाहिला. मामांनी गच्चीवरून मैदानाचा कोपरा दिसतो की नाही ते पाहिलं.

क्लबच्या इतिहासाचे मामांनी मालकांनुसार कालखंड पाडले आहेत. पहिला सुकामेव्याचा काळ. मोहल्ल्यातल्या हौशी पोरांचा हा संघ पगारी केला तो खारी बावलीतल्या एका व्यापाऱ्यानं. पगाराच्या बाबतीत तो जरा विसराळू होता, पण खेळाडूंना रोज भिजवलेले बदाम न चुकता देई. परिणाम असा झाला की संघाची बुद्धी वाढली आणि वेग गेला. "बॉल कुठे जाणार हे आपल्या प्रत्येक माणसाला आधी कळायचं," मामा सांगतात, "पण तिथे जायचं कोणी नाही." त्यानंतर ट्रान्सपोर्टचा काळ. या मालकाचे ट्रक होते. त्यानं शर्टाच्या पाठीवर खेळाडूचा नंबर बारीक आणि कंपनीचा फोन नंबर ठसठशीत छापला. एका रेफरीनं म्हणे लेफ्ट बॅकला ताकीद देताना वहीत अख्खा फोन नंबर लिहून घेतला आणि पुढच्याच महिन्यात त्यावर फोन करून आपलं घरसामान गाझियाबादला हलवलं. संघ बाहेरगावी जायचा तोही मालकाच्याच गाडीतून, आणि वाटेत माल उतरवायचा असेल तर तोही खेळाडूच उतरवायचे. मामांच्या मते क्लबच्या इतिहासातला सर्वांत मजबूत बचाव याच काळात तयार झाला. सध्या चालू आहे तो लॅपटॉपचा काळ. गुरुग्रामचा एक तरुण मालक आहे, तो सामना मैदानावर चालू असताना मांडीवरच्या लॅपटॉपवर बघतो. मामांना हे खटकतं, पण त्यानं पगार वेळेवर सुरू केले, म्हणून ते काही बोलत नाहीत.

मामांचं सगळं कालगणन या क्लबवर चालतं. माझ्या बायकोचा जन्म ‘आपण पहिल्यांदा दुसऱ्या डिव्हिजनला आलो त्या थंडीत’ झाला. मामींचं पित्ताशयाचं ऑपरेशन ‘कोच पळून गेला तेव्हा’. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची सुंदर मूर्ती आहे आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर संघाचा जुना फोटो आहे. मामी रोज मूर्तीपुढे फुलं ठेवतात आणि फोटोवरून फडकंसुद्धा फिरवत नाहीत. ते काम मामा करतात. आमची मुलगी त्यांच्या मांडीवर वाढली. दिल्लीच्या इतर मराठी मुलांसारखीच तिलाही ‘उंबरठा’ आणि ‘फडताळ’ हे शब्द समजावून सांगावे लागतात, पण सुकामेव्याच्या काळातला अख्खा संघ ती गोलकीपरपासून म्हणून दाखवते.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला जाते. दिल्लीची मराठी माणसं काला अंबला जाऊन स्मारकापुढे उभी राहतात, डोळे पुसतात आणि येताना मुरथलला पराठे खातात. मामा या सहलीला एकदाही चुकत नाहीत. बसमध्ये युद्धाची माहिती सांगायला एक प्राध्यापक असतात. एका वर्षी त्यांचा घसा बसला आणि माईक मामांच्या हाती गेला. सोनिपत येईपर्यंत पानिपतच चालू होतं. मग उपासमार, तुटलेली रसद, उघडी पडलेली बाजू असं करता करता ते कधी ट्रान्सपोर्टच्या काळात शिरले कोणालाच कळलं नाही. मागच्या सीटवरच्या एक बाई तर लेफ्ट बॅक पडला तेव्हाच रडल्या. प्राध्यापक रागावले. पण स्मारकापाशी मामा मला हळूच म्हणाले, "जिंकलेल्यांचा इतिहास कोणीही सांगतं हो. हरलेल्यांच्या इतिहासाला आपलं माणूस लागतं." ते मला तेव्हाही पटलं होतं, फक्त पराठ्यांना उशीर होत होता म्हणून मी मान डोलावली नाही.

आणि तो धुक्यातला गोल. मामांना ओळखणाऱ्या प्रत्येकानं हा गोल ऐकलेला आहे, कारण पाहिलेला कोणीच नाही. डिसेंबरचा शेवट, दिल्लीचं धुकं, स्वतःचा हात दिसेना. हरलो तर डिव्हिजनमधून खाली, आणि आपण एका गोलनं मागे. सामना रद्दच व्हायचा, पण रेफरीला गाडी गाठायची होती. लोक घरी गेले. मामा गोलच्या मागे जाळीला नाक लावून उभे राहिले. अगदी शेवटी धप्प असा आवाज झाला आणि जाळी त्यांच्या नाकावर आपटली. तो आपल्या क्लबचा गोल. रेफरीला तो दिसला नव्हता, त्यानं धुक्यात विचारलं, "हुआ क्या?" आणि धुक्यातून मामा म्हणाले, "हुआ." क्लब वाचला. हे कितपत खरं, असं मी एकदा विचारलं होतं. मामांनी मला आपलं नाक दाखवलं.

एरवी एवढा धीट माणूस, पण पेनल्टी त्यांना बघवत नाही. पेनल्टीची शिट्टी वाजली की ते पायऱ्यांवर पाठ फिरवून उभे राहतात आणि समोरच्या मेट्रोच्या खांबांकडे बघत शेंगा सोलतात. काय झालं ते आपण सांगायचं. वाईट बातमी असेल तर ते सोललेले दाणे आपल्या हातावर ठेवतात.

दुसऱ्या डिव्हिजनबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे. खाली जाणं लाजिरवाणं आणि वर जाणं धोक्याचं. माणसानं मधे राहावं, जिथे ओळखी टिकतात. हे नुसतं बोलणं नव्हे. सरकारी नोकरीत प्रमोशन येतं ते बहुधा बदलीचं बोट धरून, आणि ज्याला नको असेल त्यानं तसं लिहून द्यायचं, की वर्षभर त्याचं नाव कोणी काढत नाही. मामा हे इमानेइतबारे लिहून देत आले. बाकीचे लोक मुलांच्या शाळेसाठी देतात, म्हाताऱ्या आईसाठी देतात. मामांनी कारण ‘घरगुती’ असं दिलं आणि शनिवारी मैदानावर हजर झाले. त्यांच्यामागून आलेले साहेब झाले, मामांना सही करून फायली देऊ लागले. मामांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते मामींना, आणि तेही एकाच ऑर्डरचं. ती नागपूरची होती. मामींचं माहेर नागपूरचं, आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मामांनी ती ऑर्डरही नेहमीसारखीच नाकारली आणि घरी येऊन चहा पिताना सहज सांगितली. मामींनी रिकामा कप उचलून नेला. मैदानाकडे मात्र त्या कधी फिरकल्या नाहीत. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या मैदानाच्या कोपऱ्याकडे चादर लावतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

गेल्या हंगामात क्लब अचानक जिंकायला लागला. मामा आधी खूश झाले, मग गोंधळले, मग त्यांना झोप लागेना. शेवटचा सामना तेवढा राहिला आणि तो जिंकला तर क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये, अशी वेळ आली. मग कळलं की वरच्या डिव्हिजनला मोठं स्टेडियम लागतं, दिवे लागतात. आपल्या मैदानाला धड संडासही नाही. तेव्हा वर गेलो तर घरचे सामने भुवनेश्वरला. मालकानं तिथलं स्टेडियम ठरवूनही ठेवलं होतं. मामा दोन दिवस घरात फेऱ्या घालत होते आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, चला, गुरुग्रामला जाऊ.

त्यांच्या डोक्यात काय आहे हे मला मेट्रोत कळलं असतं तर मी मधल्याच स्टेशनावर उतरलो असतो. मालकाचं ऑफिस काचेचं, खुर्च्या अशा की बसलं की माणूस झोपाळ्यासारखा मागे जातो. मालक उठून उभा राहिला, मामांच्या पाया पडला. मामांनी पाणी पिऊन घेतलं आणि साहेबापुढे विषय मांडावा तसं सांगितलं, "बेटा, एक साल के लिए लिखकर दे दो कि प्रमोशन नहीं चाहिए. चलता है. मैंने भी दिया है." मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. मामा थट्टा करत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो म्हणाला की खेळात असं लिहून देता येत नाही, आणि येत असतं तरी दिलं नसतं. मग फार अदबीनं म्हणाला, "अंकलजी, आपने मना किया तो नुकसान आपका हुआ. मैं मना करूँगा तो इन लड़कों का होगा."

परतीच्या मेट्रोत मामा एक शब्द बोलले नाहीत. मामा गप्प, हा प्रकार मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला तो मुळीच आवडला नाही. राजीव चौकच्या गर्दीत आम्हाला जागा मिळाली, बसलो, आणि ते समोर बघत म्हणाले, "जावईबापू, ते नुकसान माझ्या एकट्याचं होतं का हो?" मी स्टेशनांचा नकाशा वाचत राहिलो. असल्या प्रश्नाचं उत्तर जावयानं द्यायचं नसतं. मला मात्र त्या दिवशी या माणसाची फार माया आली.

घरी गेल्यावर त्यांनी मामींना सगळं सांगितलं असावं, कारण शेवटच्या सामन्याला मामी निघाल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स, डोक्यावर मार्चच्या उन्हासाठी ओढणी. माझी बायको बघतच राहिली. मामी म्हणाल्या, "माझं नागपूर कुठे गेलं, ते एकदा बघून तरी घेते." पायऱ्यांवर मामांनी रुमालानं जागा पुसून दिली. हाफ टाइमला मामा एरवी आजूबाजूच्यांना इतिहास सांगतात. त्या दिवशी ते मामींना हळू आवाजात गोल कोणता, कोपरा कोणता, धुक्यात आपण कुठे उभे होतो, एवढंच दाखवत राहिले. मामी पूर्ण वेळ गंभीर चेहऱ्यानं, बँकेत नंबर लागायची वाट बघावी तशा बसल्या होत्या.

आपला क्लब एका गोलनं पुढे होता आणि सामना संपत आला होता. तेवढ्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला तर बरोबरी. क्लब जिथल्या तिथे, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, यमुनेच्या याच काठावर, शनिवार शाबूत. अडला तर भुवनेश्वर. मी मामांकडे पाहिलं. आयुष्यात जे त्यांना हवं होतं ते एका माणसाच्या लाथेवर ठेवलेलं होतं. सवयीनं ते उठले, अर्धे वळले, मेट्रोच्या खांबांकडे नजर गेली, आणि मग ते परत फिरले. पेनल्टीकडे तोंड करून उभे राहिले. हातातल्या शेंगा खाली पडल्या. "डावीकडे जा, बेटा," ते आपल्या गोलकीपरला पुटपुटत होते, मराठीत, "डावीकडे, डावीकडे." तो मणिपूरचा गोलकीपर उजवीकडे पडला. बॉल मधोमध आला, त्याच्या मागे राहिलेल्या टाचेला लागला आणि बारवरून गेला.

पायऱ्यांवर होती नव्हती ती सगळी माणसं नाचायला लागली. कोणी तरी मामांना उचलून घेतलं, खाली ठेवलं, दुसऱ्यानं उचललं. ते खाली बसले तेव्हा डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. "ऑर्डर निघाली," मामा म्हणाले. मामींनी पर्स उघडली, आपला रुमाल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर मामा थोडे वाळले. शनिवारी संध्याकाळी ते मैदानावर जात, तिथे पोरं क्रिकेट खेळताना बघत आणि परत येत. आम्ही त्यांना सामने फोनवर दिसतील म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले, आणि फोन तसाच चार्जिंगला लावून ठेवला. शेवटी जेवताना मामींनीच विषय काढला, भुवनेश्वरला दमट असतं का हो, सुती साड्या बऱ्या पडतील का. मामांच्या हातातला घास हातातच राहिला.

पहिल्या घरच्या सामन्याच्या आधी मी त्यांना नवी दिल्ली स्टेशनवर सोडायला गेलो. पहाडगंजच्या बाजूनं आत शिरलो, कारण मामांना एकदा आपली जुनी खोली दाखवायची होती. तिथे आता हॉटेल झालं आहे. सामान बघून मी विचारलं, किती दिवस राहणार. मामी म्हणाल्या, "बदलीवर चाललोय. बघू." गाडीला वेळ होता. बाकावर मामा मामींच्या शेजारी बसले होते, पायांत तेच बूट. मग त्यांनी हळूच विचारलं, "तेव्हा नागपूरला गेलो असतो तर बरं झालं असतं ना गं?"

"झालं असतं," मामी म्हणाल्या. "पण तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतंत."

मामांनी मान खाली घातली. मामींनी त्यांच्या कॉलरवरचा एक दोरा काढला आणि म्हणाल्या, गाडी लागली, उठा आता. डब्यात मामांनी खिडकीची जागा मामींना दिली. गाडी हलली तेव्हा मामी काचेआडून मला हात करत होत्या, आणि मामा समोरच्या प्रवाशाकडे वाकून काहीतरी सांगायला लागले होते. त्यांनी एक बोट स्वतःच्या नाकाला लावलेलं मला दिसलं. धुक्यातला गोल चालू असणार. तो मी इतक्या वेळा ऐकलाय, तरी गाडी प्लॅटफॉर्म सोडून जाईपर्यंत मला वाटत राहिलं, की आपणही एक तिकीट काढायला हवं होतं.